डेकलिंक मिनी रेकॉर्डर: पॅनेलमध्ये कार्ड दिसतं, पण चित्र काळं

प्रश्न
विंडोजवर डेकलिंक मिनी रेकॉर्डर (कॅमेऱ्याचं चित्र संगणकात घेणारं ब्लॅकमॅजिकचं कार्ड) बसवलं आहे. ड्रायव्हर टाकला, डेस्कटॉप व्हिडिओ सेटअप या सेटिंगच्या पॅनेलमध्ये कार्डाचं नाव दिसतं. कॅमेरा एचडीएमआयने जोडलाय, त्याचं आउटपुट १०८०पी५० (१०८० ओळी, सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम) आहे. ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगचा प्रोग्राम) सोर्स घेतला की नुसता काळा पडदा. तीच केबल टीव्हीला लावली तर चित्र स्वच्छ येतं. पॅनेलमध्ये नेमकं काय बदलायचं?

उत्तर १
टीव्हीवर चित्र येतंय, म्हणजे केबल आणि कॅमेऱ्याचा प्रश्न नाही. आधी पॅनेल बघा. या कार्डाला एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांची केबल) आणि एचडीएमआय असे दोन्ही पोर्ट आहेत, पण एका वेळी एकच चालतो आणि कोणता ते आपण सांगायचं असतं. ओबीएस बंद करा, पॅनेलच्या व्हिडिओ टॅबमध्ये इनपुट एचडीएमआय करा आणि सेव्ह दाबा. सेव्ह राहून गेलं तर जुनंच सेटिंग कायम राहतं.

मात्र तेवढ्याने भागणार नाही, कारण खरी अडचण १०८०पी५० ही आहे. हे कार्ड १०८० ओळींचं प्रोग्रेसिव्ह चित्र सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच घेतं. ५०पी त्याच्या आवाक्यातच नाही, पॅनेलमध्ये कितीही शोधलंत तरी. कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआय आउटपुट ऑटोवर असेल तर तिथून काढा आणि १०८०आय५० (सेकंदाला ५० अर्धी चित्रं) निवडा. खेळ किंवा नाच टिपायचा असेल तर ७२०पी५० घ्या: ओळी कमी, पण सेकंदाला पूर्ण ५० फ्रेम. वेगवान हालचालीला मी तेच सुचवेन.

उत्तर २
वर एक भर. पॅनेलमध्ये पोर्ट ठरतो, पण कोणत्या मोडमध्ये टिपायचं हे ओबीएसच्या सोर्समध्ये ठरतं. सिग्नल आणि मोड जुळले नाहीत तर पुन्हा काळाच पडदा. इथे बरेच जण फसतात: कॅमेऱ्यात २५पी लावलेलं असतं, म्हणून ओबीएसमध्येही १०८०पी२५ निवडतात. पण पुष्कळ कॅमकॉर्डर २५पी चित्र एचडीएमआयवर १०८०आय५० च्या वेष्टनातच पाठवतात, तेव्हा मोडही १०८०आय५० हवा.

शिवाय मीडिया एक्सप्रेस (ब्लॅकमॅजिकचा रेकॉर्डिंग प्रोग्राम) उघडं नाही ना, तेही बघा. एका प्रोग्रामने इनपुट धरून ठेवलं की दुसऱ्याला ते मिळत नाही.

प्रश्नकर्ता
आउटपुट १०८०आय५० केलं, ओबीएसमध्येही तोच मोड लावला, चित्र आलं! पण हात हलला की कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात, आणि काळा रंग राखाडी वाटतो.

उत्तर १
रेघा येणारच. आय म्हणजे इंटरलेस्ड: एका फ्रेममध्ये सेकंदाच्या १/५० अंतराने टिपलेली दोन अर्धी चित्रं एकाआड एक ओळींत बसवलेली असतात. सोर्सवर उजवी क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये याडिफ २एक्स (प्रत्येक अर्ध्या चित्राची पूर्ण फ्रेम करणारा पर्याय) घ्या, फील्ड ऑर्डर, म्हणजे अर्ध्या चित्रांचा क्रम, टॉप फर्स्ट ठेवा. ओबीएसचा फ्रेम रेट ५० हवा, नाहीतर २एक्सचा फायदा निघून जातो. कॅमेरा २५पी वर असेल तर मात्र डीइंटरलेसिंग लावूच नका. तिथे दोन्ही अर्धी चित्रं एकाच क्षणाची असतात, फिल्टरने उगाच बारकावे जातात.

राखाडी काळा हा रेंजचा घोळ. कॅमेऱ्याच्या व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. सोर्समध्ये कलर रेंज फुल असेल तर ओबीएस ० ला काळा धरतं, मग १६ राखाडी दिसणारच. लिमिटेड करा (जुन्या आवृत्तीत पार्शल). हे आधी ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टने झाकू नका, सावल्यांमधला तपशील हातचा जातो. ओबीएसचा ऑडिओ सॅम्पल रेटही ४८ किलोहर्ट्झ करून ठेवा.

उत्तर ३
पुढे मीडिया एक्सप्रेसमध्ये अनकंप्रेस्ड रेकॉर्डिंग करणार असाल तर डिस्कचा हिशेब आधी मांडा. ८ बिट ४:२:२ (रंगाचा तपशील निम्मा ठेवणारी पद्धत) मध्ये एका पिक्सेलला सरासरी २ बाइट, म्हणजे १०८०आय५० ला १९२० × १०८० × २ × २५, सेकंदाला सुमारे १०४ मेगाबाइट. तासाला ३७३ गिगाबाइट. जवळपास भरलेली साधी हार्ड डिस्क या वेगाने लिहू शकत नाही आणि फ्रेम गळतात. एसएसडी वापरा, किंवा फॉरमॅट मोशन जेपेग (प्रत्येक फ्रेम दाबून लहान करणारा) करा. फ्रेम गळताच कॅप्चर थांबवण्याचा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये आहे, तो चालू ठेवा. गळती तासाभराने कळण्यापेक्षा तिथल्या तिथे कळलेली बरी.