जुने गोवे एका दिवसात: चर्चच्या पलीकडचे शहर कसे पाहावे?

पेडण्याची_वाट (प्रश्न)

शाळेच्या सहलीत जुने गोवे म्हणजे बासिलिका, से कॅथेड्रल, की लगेच बस. या वेळी ते शहर म्हणून पाहायचे आहे. धक्का कुठे होता, बाजार कुठे भरायचा, राजवाडा कुठे होता, आणि एवढी मोठी राजधानी गेली कुठे? सोबत आई (वय ६८, गुडघे दुखतात) आणि १२ वर्षांचा मुलगा. म्हापशाहून बसने येऊ. सकाळी ९ला पोचून संध्याकाळी ५ला परत निघायचे आहे. कोणता वार घ्यावा, क्रम कसा लावावा, ऑगस्टीनचा मनोरा आईला झेपेल का, आणि मांडवीपलीकडच्या दिवाडी बेटाची फेरी त्यात बसेल का?

---

मांडवीकाठ

आधी वार ठरवा. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, आणि रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) असल्याने बासिलिकेत आत फिरता येत नाही. म्हणून सोमवार ते गुरुवार. २४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर हे दिवसही टाळा. सेंट झेवियरची नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि फेस्त (सण) असते, रस्ते अडवतात, बस लांब थांबवतात.

बसमधून गांधी सर्कलला उतरल्यावर सगळे लोक बासिलिकेकडे वळतात. तुम्ही उलट, उत्तरेला नदीकडे उतरा, कारण हे शहर नदीच्या बाजूने उघडत होते. फेरीबोटीच्या धक्क्यावर पाठ नदीकडे करून उभे राहा. समोर व्हाइसरॉयची, म्हणजे पोर्तुगीज राज्यपालाची, कमान दिसेल. ती १५९७ साली वास्को द गामाचा पणतू, व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामा याने बांधवली. पुढे ती कोसळली आणि १९५४ मध्ये पुन्हा उभी केली. नवा व्हाइसरॉय इथूनच शहरात शिरायचा. नदीकडच्या बाजूला वास्कोचा पुतळा आहे. आत शिरल्यावर मागे वळून पाहायला विसरू नका: तिकडे तलवार घेतलेली स्त्री आहे आणि तिच्या पायाखाली एक माणूस पडलेला आहे. शहरात शिरणाऱ्याला काय सांगायचे होते ते मुलाला तिथेच समजावता येईल.

कमानीपासून आत जाणारा रस्ता म्हणजे रुआ दिरैता, राजधानीची मुख्य पेठ. इथे रोज सकाळी लिलाव चालत: अरबी घोडे, कापड, दागिने, आणि गुलामसुद्धा. १५८०च्या दशकात इथे राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसाने त्याचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. आज दोन्ही बाजूंना झाडे आणि गवत आहे, एकही दुकान उरलेले नाही.

थोडे वर डाव्या हाताला सेंट काजेतानच्या चर्चजवळ एकटेच दार उभे दिसेल. पायऱ्या, दोन खांब आणि वरची आडवी शिळा, सगळे काळ्या दगडाचे. आदिलशाही वाड्याचे एवढेच शिल्लक आहे. त्याच जागी पुढे व्हाइसरॉयचा किल्लेवजा वाडा होता. बहुतेक लोक न थांबता पुढे जातात. तुम्ही इथे दहा मिनिटे द्या, कारण १५१०च्या आधीही इथे शहर होते याची जागेवर उरलेली खूण हीच. काजेतानच्या आत घुमटाखाली झाकलेली विहीर आहे, तीही बघा.

मग से कॅथेड्रल. पोर्तुगीज सेनापती अल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी शहर घेतले. तो सेंट कॅथरिनचा दिवस, म्हणून कॅथेड्रल तिच्या नावाने. बांधकाम १५६२ला सुरू झाले, इमारत १६१९ला उभी राहिली, आतल्या वेद्या त्यानंतरही चालूच होत्या. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ला पडला, तो पुन्हा बांधला नाही. याचे तोंड पूर्वेला, म्हणून फोटो सकाळीच येतो. बासिलिकेचे तोंड पश्चिमेला, तिचा फोटो दुपारी ३नंतर. निव्वळ उजेडासाठीही हाच क्रम बरोबर.

कॅथेड्रलजवळच्या चौकालगत इन्क्विझिशनची, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणाऱ्या न्यायासनाची, इमारत होती. ते न्यायासन १५६० ते १८१२ चालले, मधली थोडी वर्षे सोडून. इमारतीचा मागमूस नाही.

मागे सेंट फ्रान्सिस आसिसीचे चर्च. त्याचा गोल नक्षीदार दरवाजा मूळच्या १५२१च्या देवळीचा, बाकी इमारत १६६१ची. खाली बघत चाला, जमीन थडग्यांच्या कोरीव शिळांची आहे. शेजारच्या मठात संग्रहालय. व्हाइसरॉयांची चित्रे पाहून बाहेर पडू नका. वीरगळ आणि सतीशिळा शोधा. पोर्तुगीजांच्या आधीचा गोवा तिथे आहे. याला पाऊण तास ठेवा.

---

चिरेबंद

राजधानी कुठे गेली याचे उत्तर दगडात आहे. इथला चिरा, म्हणजे जांभा, सच्छिद्र असतो. घरामागच्या शोषखड्ड्यांतले पाणी त्यातून झिरपून विहिरीत जायचे. त्यात कॉलरा आणि हिवताप, पिढ्यानपिढ्या साथी. १६९५ला व्हाइसरॉयनेच शहर सोडून पणेलीला मुक्काम हलवला, १७५९ला पणजीला. कागदोपत्री राजधानी मात्र १८४३ला बदलली.

मग याच दगडाचा दुसरा गुण पुढे आला. चिरा काढायला, वाहून न्यायला सोपा. पडके वाडे उतरवून चिरे नदीने पणजीला गेले आणि तिथल्या बांधकामात लागले. १८३४-३५ला धार्मिक संघ बरखास्त झाले, मठ ओस पडले. कौले निघाली की भिंतीत पाऊस शिरतो, कमानी फुगतात. सेंट ऑगस्टीनची छपराची कमान १८४२ला कोसळली, दर्शनी भाग १९३१ला. आज उभा आहे तो ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा अर्धा भाग. याच अवशेषांत जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अस्थिअवशेष २००५ला सापडले आणि डीएनए तपासणीनंतर ओळख पक्की झाली. अझुलेजूचे, म्हणजे रंगीत फरशांचे तुकडे अजून काही भिंतींवर आहेत. हात लावू नका, चुन्याची पकड गेलेली आहे.

बासिलिका बघताना हेच डोक्यात ठेवा. तिचा तांबूस रंग मूळचा नाही. बाहेरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढला. तेव्हापासून उघडा चिरा पावसाचे पाणी पितो, आणि गिलावा परत चढवावा की नाही हा वाद अजून मिटलेला नाही. माझे मत चढवावा असेच आहे, कारण चिरेबंदी भिंत आपण घरीसुद्धा उघडी ठेवत नाही. दर्शनी भागातले काळे दगडी खांब वेगळे ओळखू येतील, तो दगड वसईहून आणला होता.

आत उजव्या हाताला झेवियरचे अवशेष ठेवलेली चांदीची पेटी. ती गोव्याच्याच कारागिरांची. खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तोस्कानाचा ड्यूक कोझिमो तिसरा याने पाठवला, शिल्पकार फोजिनी, बसवला १६९८ला. पेटी उंचावर आहे, जवळ जाऊन मान वर करण्यापेक्षा थोडे मागून नीट दिसते. चौथऱ्यावरची काशाची चित्रे मात्र जवळून बघा.

---

तिसवाडीचा_पाव

बसबद्दल. म्हापशाहून पणजी कदंब स्टँड, तिथे बदला. पणजीहून जुने गोवे साधारण १० किलोमीटर. फोंड्याच्या बसही तिथूनच जातात, पण चढण्यापूर्वी कंडक्टरला 'गांधी सर्कलला थांबणार ना' विचारा. शक्यतो रायबंदरवरून जाणारी घ्या. नदीच्या कडेचा तो बांध १६३० च्या दशकात व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळी बांधला, आणि आपली बस अजून त्यावरूनच धावते.

नकाशात 'गोवा वेल्हा' टाकू नका. ते गाव पणजी-मडगाव रस्त्यावर, आगशीच्या वाटेवर आहे, जवळपास कदंब राजांचे गोपकपट्टण होते. 'ओल्ड गोवा' किंवा बासिलिकेचे नाव टाका. रेल्वेने कोणी येणार असेल तर करमळी स्टेशन सर्वांत जवळ.

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, टोपी आत काढून. पाणी बरोबर ठेवा, ऑगस्टीनच्या टेकडीवर दुकान नाही.

---

पेडण्याची_वाट

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या: आईचे गुडघे आणि दिवाडी. फेरीने पलीकडे जाऊन परत येण्यात अर्थ आहे का?

---

मांडवीकाठ

धक्का, कमान, काजेतान, कॅथेड्रल, संग्रहालय हा भाग आईंना जमेल. सर्कलवरून कमानीकडे उतार आहे, म्हणजे येताना चढ, म्हणून त्या कॅथेड्रलच्या आवारात सावलीत थांबल्या तरी चालेल. ऑगस्टीनची टेकडी चालत चढू नका. रिक्षा अवशेषांपर्यंत जाते, भाडे आधी ठरवा आणि थांबायला सांगा. आत जमीन उंचसखल आहे, पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरते आणि चप्पल सरकते. आईंना कडेने मनोरा दाखवा, थडग्यांमध्ये फक्त मुलाला न्या. तिथूनच पुढे रोझरीचे चर्च आहे, १५४०च्या दशकातले, तिथून मांडवी दिसते. माउंटचे चर्च या वेळी सोडा, ते दुसऱ्या टोकाला आहे आणि चढाव मोठा.

---

चिरेबंद

दिवाडीला नुसते जाऊन येण्यात फारसे काही नाही. खरी वाट वेगळी आहे: जुन्या गोव्याहून फेरी, दिवाडी बेट ओलांडून नार्वे, तिथून दुसरी फेरी डिचोलीच्या नार्व्याला. कदंबांचा कुलदेव सप्तकोटेश्वर मूळ या बेटावर होता. पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग पलीकडे नेले, आणि १६६८ला शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. शिलालेख दारावर आहे. पण बेटावरचे अंतर पायी होत नाही, स्वतःची दुचाकी किंवा गाडी लागेल. बसने येणार असाल तर तुमच्या ५च्या वेळेत ते बसत नाही. त्यासाठी वेगळा दिवस काढा आणि डिचोलीच्या बाजूने सुरुवात करा, म्हणजे परतताना म्हापसा जवळ पडेल.