'लिक्विड लोडिंग'ला मराठीत काय म्हणावं?

सातपूर : वायुविहिरींवर कामाला जाणाऱ्या मुलांसाठी मराठी टिपणं तयार होताहेत. 'लिक्विड लोडिंग'साठी (वायूबरोबरचा द्रव वर न येता विहिरीत साचणं) मसुद्यात 'विहीर तुंबणे' आलंय. चालेल?

गंगापूर रोड : नको. तुंबण्यात वाट अडते. क्षार, मेण किंवा वाळू बसते. इथे वाट मोकळी असते, वायूचा वेग कमी पडतो. थेंब वर न जाता खाली परततात आणि तळाशी साठतात. पाण्याच्या दर 10 मीटरला सुमारे 1 बार दाब, म्हणजे 200 मीटर साचलं की वायू देणाऱ्या खडकाच्या थरावर 20 बारचा उलटा दाब. दाब उतरलेली जुनी विहीर तेवढ्यानेही बंद पडते.

निदानातही हाच फरक आहे. तारेवर सोडलेला गेज कटर (नळीची वाट मोकळी आहे का ते तपासणारं अवजार) मध्येच अडला, तर तुंबलंय. सरळ तळाला गेला, तर प्रेशर गेज उतरवून टप्प्याटप्प्याने दाब नोंदवा. वायूत दाब हळू वाढतो, द्रवात शिरताच झपाट्याने. आलेख जिथे वळतो ती द्रवाची पातळी. मात्र विहीर बराच वेळ बंद ठेवून मोजलंत, तर पाणी थरात परत मुरतं आणि पातळी फसवी दिसते.

सिन्नर : मग 'पाणी लागलं' म्हणा. शेतकऱ्याच्या पोरालाही कळेल.

गंगापूर रोड : कळेल, पण उलटं. आपल्याकडे पाणी लागलं म्हणजे झरा फुटला. थरातून पाणी येणं ही वायुविहिरीतही वेगळी घटना. ते वायूबरोबर वर निघत असेल तोवर लोडिंग नाही. साचायला लागलं की सेपरेटरवरचं (वायू आणि द्रव वेगळं करणाऱ्या टाकीवरचं) पाणी कमी होतं, आणि नवशिका समजतो की विहीर सुधारली. हा गैरसमज शब्दानेच पेरला जाऊ नये. शिवाय द्रव म्हणजे पाणीच असं नाही, कंडेन्सेटही (वायूतून सुटणारं हलकं तेल) असतं.

देवळाली कॅम्प : सहमत. लक्षणंही तिथेच लिहा. उत्पादन नेहमीच्या घसरणीपेक्षा अचानक खाली येतं, मीटरच्या तक्त्यावर टोकं उमटतात (द्रव गोळ्यागोळ्याने येतो). पॅकर (ट्यूबिंग आणि केसिंगमधली फट बंद करणारं सील) नसेल तर ट्यूबिंगचा (वायू वर आणणाऱ्या आतल्या नळीचा) दाब उतरतो आणि केसिंगचा (बाहेरच्या नळीचा) चढतो. पॅकर असेल तर केसिंगवरून अंदाज बांधू नका.

टर्नर आणि सहकाऱ्यांच्या 1969च्या सूत्राने, विहिरीच्या तोंडाशी सुमारे 7 बार दाब असताना पाणी उचलायला साधारण 8 मीटर प्रति सेकंद वेग लागतो. 2⅜ इंची ट्यूबिंगमध्ये तो दिवसाला अंदाजे 10 हजार घनमीटर वायू (वातावरणाच्या दाबाला मोजलेला) होतो. या वेगाला 'किमान उचलवेग' म्हणावं, 'क्रांतिक वेग' ('क्रिटिकल व्हेलॉसिटी'चा शब्दशः अनुवाद) वाचून अर्थ लागत नाही.

सातपूर : 'तळाशी द्रव साचणे' घेतो. आणि 'अनलोडिंग'ला, म्हणजे साचलेला द्रव बाहेर काढण्याला, 'उपसा'?

गंगापूर रोड : प्लंजरला (ट्यूबिंगमध्ये खालीवर जाणाऱ्या दट्ट्याला) 'उपसा' चपखल बसतो, तो द्रव खरोखर वर आणून टाकतो. साबणकांडीला (विहिरीत टाकायच्या फेसकारी रसायनाच्या कांडीला) नाही, तिने फेस होऊन द्रव हलका होतो आणि कमी वेगातही वायू तो नेतो. तिथे 'द्रव हलका करणे' लिहा.