समाजासाठी फंड द्यायचा तर आपल्यांना की सगळ्यांना?

मंडळी, ज्यू लोकांमधे दानधर्माची परंपरा मोठी आहे असं ऐकलंय, पण त्यांच्यातले मोठे दाते स्वतःच्या समाजाला आणि बाहेरच्यांना दोन्हीकडे कसं देतात? कुणी वाचलंय का यावर?

मंदार_के: ज्युलियस रोझेनवाल्डबद्दल वाच. सीअर्स या अमेरिकेतल्या मोठ्या किरकोळ विक्री कंपनीचा प्रमुख, शिकागोचा. ज्यू संस्थांना भरपूर दिलं, आणि बुकर टी. वॉशिंग्टन या काळ्या समाजातल्या शिक्षणतज्ज्ञाबरोबर सुरुवात करून अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या मुलांसाठी शाळा उभारल्या, जवळजवळ 5000! सगळा पैसा तो द्यायचा नाही, गावाने वर्गणी काढायची, सरकारी शाळा बोर्डानेही घालायचे, मग रोझेनवाल्डचा हिस्सा. वीज नसायची म्हणून खिडक्या मोठ्ठ्या आणि उजेडाच्या दिशेने, हे डिझाइन मला फार आवडलं.

सुनीता ताई: मंदार, ते ठीक आहे रे, पण ते काळे गावकरी टॅक्स भरतच होते ना, तरी पोरांच्या शाळेसाठी परत खिशात हात घालायचा, काही शेतकरी कापसाच्या शेताचा एक तुकडा खास शाळेसाठी राखायचे, मला तरी हा अन्यायच वाटतो. शाळांचं खरं श्रेय त्या गावांना द्यायला हवं.

मंदार_के: ताई, पटलं, गावांचं नाव आधी यायला हवं. फक्त बोर्डाचे पैसे आले की शाळा सरकारी व्हायची, तो हेतू महत्त्वाचा. आणि रोझेनवाल्डने काढलेला दानाचा फंड कायमचा ठेवायचा नाही हे त्याने आधीच ठरवलेलं, 1917 ला सुरू, 1948 ला सगळा खर्च करून बंद. आपल्याकडच्या ट्रस्टींनी हे तरी घ्यावं, नुसत्या एफडी करून बसतात.