जुनी इलेक्ट्रिक की हायब्रिड? बॅटरी नेमकी तपासायची कशी?

प्रश्न (खानापूर): चार वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक गाडी बघून ठेवलीय. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, वापरता येणारी क्षमता ३० युनिट. रोज बेळगाव येणं-जाणं, अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा. मीटरवरची रेंज खरी मानायची, की सरळ हायब्रिड घ्यायची?

उत्तर (टिळकवाडी): मीटरवरच्या रेंजवर जाऊ नका दादा, ती मागच्या चालवण्यावरून काढलेली असते. आदल्या रात्री स्लो चार्जरवर १०० टक्के करायला लावा, चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत पिन काढू देऊ नका. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं, म्हणून कायम अर्धवट चार्ज झालेल्या गाडीत टक्क्यांचा आकडाच चुकतो. मग २० टक्क्यांपर्यंत चालवा आणि ट्रिप मीटरवर युनिट किती गेली ते बघा. नव्या बॅटरीत ही २४ असतील. २० भरली तर बॅटरी साधारण ८३ टक्के उरली. तुमच्या रोजच्या फेरीला तेवढी भरपूर, पण किंमत तशी पाडून घ्या.

शेवटी शेवटी चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या सॉकेटला लावून आतले आकडे दाखवणारं यंत्र) बॅटरीतल्या एकेका सेलचं व्होल्टेज बघा. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा खाली आपटत असेल तर ती गाडी सोडा. वॉरंटी दुसऱ्या मालकाला किती मिळते तेही कागदावर वाचा.

निपाणी: घरचं वायरिंग आधी बघा. ३.३ किलोवॅटचा चार्जर १४-१५ अँपिअर तासन्‌तास ओढतो, साध्या सॉकेटची पिन काळी पडते. मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की बंद पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की बंद पडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट. जांभ्या-मुरमात अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मेमध्ये सुकतो, मग चार्जर अर्थ फॉल्ट दाखवून थांबतो आणि लोक गाडीला दोष देतात. खड्ड्यात पाणी सोडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज पुन्हा मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर राहिलं तर खड्डा नव्याने भरून घ्या.

चिक्कोडी: हायब्रिडचा बॅटरी पॅक छोटा, आणि गाडी तो पूर्ण भरूही देत नाही, रिकामाही होऊ देत नाही, म्हणून टिकतो. पण बऱ्याच गाड्यांत तो केबिनच्या हवेवर थंड होतो. ऊसतोडीच्या दिवसांत धुळीने सीटजवळची जाळी बुजते, पंखा घोंघावतो, पॅक तापतो. दर सर्व्हिसला जाळी काढून साफ करायला सांगा. चोर्ला उतरताना पॅक लवकर भरतो, मग इंजिन जोरात फिरतं. तो बिघाड नव्हे, इंजिन ब्रेकिंग आहे, म्हणजे इंजिनच गाडीचा वेग रोखतं. गिअरला 'बी' (उतारावर इंजिन ब्रेकिंगसाठीचा टप्पा) असेल तर तिथेच ठेवा, ब्रेक तापणार नाहीत.

आणि दोन्ही गाड्यांत रस्त्यात अडवते ती बारा व्होल्टची छोटी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली दिसली की लगेच तपासून घ्या. ती बसली तर मोठी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.