मदत हवी आहे: रिक्रूटमेंट एजन्सीसाठी नेमके कोणते विमे घ्यावेत? (वाशी)

वाशीकर_सतरा
वाशीत रिक्रूटमेंट एजन्सी आहे, प्रोप्रायटरशिप. ऑफिसात सहा जण. ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांना कायमस्वरूपी उमेदवार देतो. शिवाय तळोजा आणि भिवंडीच्या गोदामांना आमच्या पगारपत्रकावरची माणसं पुरवतो: पिकर, पॅकर, सुपरवायझर मिळून चाळीसेक. नव्या क्लायंटच्या करारात एक कोटीची प्रोफेशनल इन्डेम्निटी (पीआय, म्हणजे आमच्या कामातल्या चुकीने क्लायंटचं नुकसान झालं तर त्याचा विमा) आणि सगळ्यांसाठी वर्कमेन पॉलिसी (कामावरच्या अपघाताची मालकाने द्यायची भरपाई भरणारा विमा) मागितली आहे. एजंटने ऑफिस पॅकेजचं कोटेशन पाठवलंय, म्हणतो यात सगळं आलं. खरंच येतं का?

कलमवाचक
नाही येत. ऑफिस पॅकेज म्हणजे आग, पूर, घरफोडी, फर्निचर, काँप्युटर, फार तर जरा पब्लिक लायबिलिटी. तुमची जोखीम करारात आणि गोदामात आहे.

आधी कराराचं इन्डेम्निटी कलम काढा. 'कोणत्याही कारणाने झालेलं सर्व नुकसान एजन्सी भरून देईल' असं असेल तर कुठलीही पीआय ते पूर्ण उचलणार नाही. कायद्याने जी जबाबदारी येते ती पॉलिसी भरते. करारात वरून अंगावर घेतलेली सहसा वगळलेली असते. सही करण्याआधी 'एजन्सीच्या निष्काळजीपणामुळे' एवढे शब्द घालून घ्या आणि रकमेला पॉलिसीच्या मर्यादेइतकी कमाल लावा. कंपन्यांचे लीगलवाले कुरकुरतात, पण ऐकतात.

आता पीआय. ही 'क्लेम्स मेड' असते: चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला हे महत्त्वाचं. म्हणून रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख बघा. त्या तारखेआधीच्या कामावरचा दावा मिळत नाही. पुढच्या वर्षी स्वस्त कोटेशन मिळालं म्हणून कंपनी बदललीत आणि नव्या पॉलिसीत तारीख आजची पडली, तर मागच्या सगळ्या प्लेसमेंट उघड्या पडतात. जुनी तारीख लेखी कायम ठेवून घ्या. वर्ष चुकवून नूतनीकरण केलं तरी हाच घोळ होतो.

उमेदवाराची डिग्री बनावट निघाली आणि तुम्ही पडताळणीची जबाबदारी घेतली होती, तर तो पीआयचा विषय. नव्वद दिवसांत माणूस सोडून गेला म्हणून फी परत करणं हा विषय नाही, तो तुमचा धंद्याचा खर्च. आणि वकिलाचा खर्च एक कोटीच्या आतला की वेगळा, हे विचाराच. बहुतेकदा आतलाच असतो.

क्लायंटचं तक्रारीचं ईमेल आलं की लगेच विमा कंपनीला कळवा, नोटिशीची वाट बघू नका. त्यांच्या संमतीशिवाय 'चूक आमची, भरून देतो' असं लिहिलंत तर क्लेम तिथेच अडकतो.

पगारपत्रक
वर्कमेनबद्दल. सगळ्यांसाठी एकच पॉलिसी घेऊ नका, आधी यादी दोन भागांत करा. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा, ही सरकारी योजना) पगारमर्यादा ₹२१,००० आहे. त्याच्या आतल्यांचा कामावरचा अपघात ईएसआय बघते. त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मिळत नाही. त्यांच्यासाठी वर्कमेन पॉलिसी म्हणजे बहुतांशी वाया प्रीमियम. वरच्यांसाठी, म्हणजे तुमच्याकडे बहुधा सुपरवायझरांसाठी, ती हवीच. क्लायंटला दर महिन्याचं ईएसआय चलान आणि उरलेल्यांची पॉलिसी एकत्र द्या, सहसा चालतं.

लोक हमखास चुकतात ते इथे: ओव्हरटाइम ₹२१,००० च्या मर्यादेत धरत नाहीत (वर्गणी मालकाची ३.२५ टक्के, कामगाराची ०.७५). आणि एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च या काळात मधेच पगार वाढून मर्यादा ओलांडली, तरी तो काळ संपेपर्यंत माणूस ईएसआयमध्येच राहतो. त्यामुळे वर्कमेनमध्ये नाव केव्हा घालायचं, याची तारीख आधीच लिहून ठेवा.

प्रपोजल फॉर्ममध्ये कामाचं ठिकाण फक्त वाशीचं ऑफिस लिहिलंत तर गोदामातल्या अपघातावर वाद होणार. प्रत्येक साइटचा पत्ता द्या. गोदामातल्या माणसाला 'क्लार्क' दाखवून प्रीमियम कमी करायची एजंटची युक्ती नको. उपचारखर्च मूळ पॉलिसीत नसतो, वेगळा जोडून घ्यावा लागतो.

वाशीकर_सतरा
मनापासून आभार. आमच्या पिकरने गोदामातला माल लांबवला तर? तो पीआयमध्ये येईल का?

कलमवाचक
नाही. साधी फिडेलिटीही (कर्मचाऱ्याच्या अफरातफरीचा विमा) पुरणार नाही, कारण ती तुमचं स्वतःचं नुकसान भरते आणि माल क्लायंटचा आहे. क्राइम पॉलिसीत 'क्लायंटच्या मालमत्तेची चोरी' ही जोड मागा. एफआयआर लागेलच, शिवाय भरतीच्या वेळी ओळख आणि पत्ता तपासल्याचे कागद मागतात. ते फाइलमध्ये नसतील तर क्लेम लांबतो.

खाडीपल्याड
ऑफिसापुरतं सांगतो. ₹५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही ठरावीक मजकुराची पॉलिसी सगळ्या जनरल कंपन्यांकडे मिळते, पूर त्यात आहे. घरफोडी वेगळी घ्या. लॅपटॉप क्लायंटकडे नेता, तर ऑफिसाबाहेरचं संरक्षणही वेगळं मागा.

उमेदवारांचे आधार, पॅन, पगारस्लिपा शेअर ड्राइव्हवर पडून असतील तर छोटी सायबर पॉलिसी घ्या, पण सरकारी दंड ती भरेल असं गृहीत धरू नका. नको असलेले रेझ्युमे आधी पुसा, फॉर्मातली उत्तरंही सोपी होतात.

प्रोप्रायटरशिप असल्याने क्लेम नाकारला गेला तर विमा लोकपालाकडे जाता येतं, ₹५० लाखांपर्यंत. नवी मुंबईसाठी ते ठाण्यातलं कार्यालय. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून त्याची पोच ठेवा.