काळ्या ग्लॉसी वॉर्डरोबवर बोटांचे डाग

मोगरा_७: दारं काळ्या अ‍ॅक्रिलिकची आहेत. काचेच्या स्प्रेने पुसलं की डाग नुसते पसरतात, उजेडात पट्टे दिसतात. उपाय?

रंधा: डाग तेलकट असतात, त्यांना साबणच लागतो. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, बस. जास्त झालं की पट्टे उमटतात. आधी धूळ हलक्या हाताने काढा, नाहीतर तीच ओरखडे पाडते. मायक्रोफायबरचं मऊ फडकं त्यात बुडवून, घट्ट पिळून पुसा, मग साध्या पाण्याचं फडकं, लगेच कोरडं.

निशिगंध: स्पिरिट, थिनर, अमोनियावाला स्प्रे अ‍ॅक्रिलिकवर नकोच, बारीक तडे जातात. फडकं धुताना फॅब्रिक सॉफ्टनरही टाळा. त्याचा थर पृष्ठभागावर उतरतो.

मोगरा_७: पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशच्या लाकडी टीपॉयलाही हेच चालेल?

रंधा: हो, पण फडकं जेमतेम ओलसर. कडेच्या सांध्यात पाणी मुरलं की प्लाय फुगतो. आणि वॉर्डरोबला हँडल बसवून घ्या!