रद्दीत मिळालेले ब्लॅक स्पॅरो प्रेसचे पुस्तक: ही पहिली आवृत्ती समजावी का?

उत्तरकसबा (प्रश्न)

नमस्कार. मागच्या रविवारी नवी पेठेजवळच्या एका रद्दीच्या दुकानात, स्पर्धा परीक्षांच्या जुन्या मार्गदर्शकांखाली दबलेला, चार्ल्स बुकोवस्की या अमेरिकी कवीचा एक संग्रह मला मिळाला. दुकानदाराने तो इतर दोन पुस्तकांबरोबर काट्यावर टाकला आणि तिन्ही मिळून ४० रुपये घेतले. बांधणी कागदी आहे, मुखपृष्ठाचा कागद हाताला किंचित खरखरीत लागतो आणि प्रकाशक ब्लॅक स्पॅरो प्रेस आहे. शेवटच्या पानावरील मजकुरानुसार पुस्तक १९७७ मध्ये सांता बार्बरा आणि अ‍ॅन आर्बर येथे छापले गेले असून काही मोजक्या प्रतींवर क्रमांक घालून कवीने सह्या केल्या आहेत. माझ्या प्रतीवर क्रमांकही नाही आणि सहीही नाही. तरीही वर्ष १९७७ असल्यामुळे ही पहिली आवृत्ती समजावी का? मला ती विकायची नाही. हातात नेमके काय आले आहे, एवढेच जाणून घ्यायचे आहे. शिवाय सोलापुरात राहून अशा पुस्तकांचा संग्रह करणे कितपत शक्य आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

जुनी_पाने

आपल्या प्रश्नातच एक गफलत दडलेली आहे आणि ती आपली नव्हे, आपल्या भाषेची आहे. मराठी प्रकाशक एखादे पुस्तक जसेच्या तसे पुन्हा छापतात तेव्हाही बहुतेक वेळा त्यावर 'दुसरी आवृत्ती', 'तिसरी आवृत्ती' असेच लिहितात. त्यामुळे आवृत्ती आणि मुद्रण हे दोन शब्द आपल्याकडे एकमेकांत मिसळून गेले आहेत. अमेरिकी संग्राहक मात्र पहिली आवृत्ती म्हणतो तेव्हा त्याच्या मनात पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रण असते, आणि त्याच जुळणीवरून वर्षभराने छापलेली प्रत त्याच्या लेखी केवळ वाचायची प्रत ठरते.

शेवटच्या पानावरच्या मजकुरावर विसंबू नये. ब्लॅक स्पॅरोच्या पुनर्मुद्रणांतही मूळ महिना, वर्ष आणि सह्या केलेल्या प्रतींची संख्या तशीच ठेवलेली आढळते, त्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो. आपण शीर्षकपान उलटून त्याच्या मागचे कॉपीराइटचे पान पाहावे. तेथे अमुकावे मुद्रण असे लिहिले असेल, तर प्रश्न तेथेच मिटला. दुसरी खूण शीर्षकपानाची: या प्रकाशनाच्या पहिल्या मुद्रणात ते बहुधा रंगीत शाईत असते आणि नंतरच्या मुद्रणांत नुसते काळे. तिसरे म्हणजे, पुस्तकावर कोठेही एको किंवा हार्परकॉलिन्स या प्रकाशकांची नावे दिसली, तर ती प्रत २००२ नंतरची समजावी, कारण त्या वर्षी ब्लॅक स्पॅरोचे संस्थापक जॉन मार्टिन यांनी प्रकाशन बंद करताना बुकोवस्कीच्या पुस्तकांचे हक्क तिकडे दिले.

मोठ्या प्रकाशकांच्या खुणा वेगळ्या. अनेकांच्या पुस्तकांत कॉपीराइटच्या पानावर १ ते १० आकड्यांची ओळ असते. प्रत्येक मुद्रणाला एक आकडा काढून टाकतात आणि उरलेला सर्वांत लहान आकडा हा मुद्रणाचा क्रमांक असतो. रँडम हाउसने मात्र अनेक वर्षे ही ओळ २ पासून सुरू केली आणि पहिले मुद्रण 'फर्स्ट एडिशन' या शब्दांनी दाखवले. हे ठाऊक नसल्याने लोकांनी चांगल्या प्रती हातच्या घालवल्या आहेत. स्क्रिब्नर या प्रकाशकाने १९३० पासून पहिल्या मुद्रणाची खूण म्हणून 'ए' हे अक्षर छापले. त्याआधीचे, म्हणजे १९२५ च्या 'द ग्रेट गॅट्सबी' या कादंबरीचे पहिले मुद्रण ओळखायचे, तर पान २०५ वर 'सिक अँड टायर्ड' च्या जागी 'सिक इन टायर्ड' अशी मुद्रणातली चूक शोधावी लागते. ज्या चुकीमुळे मुद्रितशोधकाने बोलणी खाल्ली असतील, तीच आज पुस्तकाचा भाव ठरवते.

निवृत्त_सॉर्टर

तांत्रिक बाबी वर आल्याच आहेत. मी थोडे वेगळे सांगतो. मी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, पत्रांच्या सॉर्टिंगला ३१ वर्षे काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. बुकोवस्की लॉस एंजेलिसच्या टपाल खात्यात दहा वर्षांहून अधिक काळ हेच काम करत होता, हे कळल्यावर मी त्याला वाचू लागलो. पत्रे वेगळी करण्याच्या खणांसमोर, म्हणजे पिजनहोलसमोर, उभे राहून खांदा कसा भरून येतो, हे त्याने लिहिले आहे ते खोटे नाही.

जॉन मार्टिन हे स्वतः पहिल्या आवृत्त्यांचे संग्राहक होते आणि कार्यालयीन साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीत व्यवस्थापक होते. डी. एच. लॉरेन्सच्या पहिल्या आवृत्त्यांचा आपला संग्रह त्यांनी एका विद्यापीठाला विकला आणि त्या पैशांवर १९६६ मध्ये ब्लॅक स्पॅरो उभे केले. सुरुवात पुस्तकाने नव्हे, तर एकेका कवितेच्या सुट्या पत्रकांनी झाली. पुढे त्यांनी बुकोवस्कीला सांगितले की नोकरी सोडून लिहीत बसलात, तर दरमहा १०० डॉलर आयुष्यभर देईन. त्याने नोकरी सोडली आणि काही आठवड्यांतच 'पोस्ट ऑफिस' ही कादंबरी लिहून काढली. ती १९७१ मध्ये याच प्रकाशनाने छापली. मुखपृष्ठांची मांडणी मार्टिन यांच्या पत्नी बार्बरा करत. आपल्या हाताला जो खरखरीत कागद लागतो, तो त्यांच्या निवडीचा. पेन्शनीची निश्चिती सोडून १०० डॉलरच्या शब्दावर घराबाहेर पडणे माझ्याच्याने झाले नसते, हे मी येथे कबूल करतो.

उत्तरकसबा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कॉपीराइटचे पान पाहिले: बारावे मुद्रण. शीर्षकपान काळेच आहे. पहिलीच आवृत्ती म्हणणाऱ्या मित्रांना कळवले, ते आता गप्प आहेत. काका, 'पोस्ट ऑफिस' मिळवून वाचतोच.

जुनी_पाने

बारावे असले तरी प्रत जपावी. सोलापूरच्या कोरड्या हवेत मुंबईसारखी बुरशी धरत नाही, हा आपला लाभ. पण मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की कागदी बांधणीचा डिंक ठिसूळ होतो आणि पुस्तक पूर्ण उघडताच कणा तडकतो. लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. वर्तमानपत्राचे कव्हर घालू नये, कारण त्या कागदातले आम्ल मुखपृष्ठात उतरते. सुटलेल्या पानाला चिकटपट्टी तर मुळीच लावू नये. माझ्या एका चांगल्या पुस्तकावर वीस वर्षांपूर्वीच्या पट्टीचा पिवळा डाग आजही आहे, आणि ती पट्टी मीच लावली होती.

चाटी_गल्ली

दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझे मत थोडे कडू आहे. परदेशातून एकेक प्रत मागवायची, तर टपालखर्च पुष्कळदा पुस्तकापेक्षा जास्त होतो, आणि विक्रेत्याने 'उत्तम' म्हणून वर्णिलेली प्रत हातात आल्यावर उत्तम निघेलच असे नाही. त्यापेक्षा याच वृत्तीची, आपल्या आवाक्यातली पुस्तके शोधावीत असे मला वाटते. अमेरिकी कवी अ‍ॅलन गिन्सबर्गचा 'हाउल' हा कवितासंग्रह १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी लाइट्स या प्रकाशनाने खिशात मावेल अशा आकारात काढला. तोच गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत येऊन गेला. पुढे अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी मिळून क्लिअरिंग हाउस हे प्रकाशन चालवले आणि १९७६ मध्ये कोलटकरांची 'जेजुरी' ही इंग्रजी कवितांची पुस्तिका काढली, तिला पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. कोलटकरांच्या मराठी कविता अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये छापल्या. या प्रती आजही एखाद्या निवृत्त प्राध्यापकाच्या घरातून रद्दीत येऊ शकतात, आणि त्या ओळखणारा माणूस तेव्हा दुकानात हजर हवा, एवढीच अट आहे.

उत्तरकसबा

आपले उत्तर वाचून काल संध्याकाळी पुन्हा त्या दुकानात गेलो आणि हे पुस्तक कोणाच्या घरून आले, असे विचारले. दुकानदाराला आठवत नव्हते; पण त्याच घरची आणखी दोन पोती मागे पडून आहेत, ती अजून सोडलेली नाहीत, असे तो म्हणाला. गुरुवारी दुपारी बोलावले आहे. काका, आपणास सवड असेल तर बरोबर यावे.

निवृत्त_सॉर्टर

येतो. पोती सोडण्याची सवय आहे.